देव शेवटी का येतो, आणि त्याआधी कोणी यायला हवं होतं

तुमचा प्रश्न असा आहे: पुराणांत देव सज्जनांना राखतो असं सांगतात, पण गोष्ट नीट वाचली तर तो कायम उशिराच पोचतो. देवकीची सहा बाळं गेल्यावर कृष्ण जन्माला येतो, द्रौपदीच्या वस्त्राला हात लागल्यावर वस्त्रं पुरवली जातात, अभिमन्यू तर जातोच. मग हे रक्षण कसलं? आणि अगदी शेवटी, जाता जाता आठवलं म्हणून लिहावं तसं, तुम्ही लिहिलंय की खोट्या बिलावर सही करायला नकार दिल्यापासून कार्यालयात तुम्हाला बाजूला बसवलंय, सहकारी बोलायचे थांबलेत, आणि आई रोज म्हणते, "धर्माने वागणाऱ्याला देव सोडत नाही."

मला वाटतं, तुमचा खरा प्रश्न या शेवटच्या ओळीत आहे. वरचा भाग पुराणांचा, खालचा तुमचा. मी नारदीय कीर्तन करते, प्रल्हाद आणि द्रौपदी ही दोन्ही आख्यानं वर्षानुवर्षं लावत आले आहे. कीर्तन संपल्यावर बुक्का लावून घ्यायला येणाऱ्यांपैकी कुणी ना कुणी हेच विचारतो, आणि बहुतेक वेळा गोष्टीच्या आडून स्वतःचंच काहीतरी विचारत असतो. म्हणून दोन्ही भागांवर लिहिते, पण पुराणांवर जास्त. तुमच्या कार्यालयाबद्दल मला तुम्ही सांगितलंत तेवढंच माहीत आहे.

आधी एक कबूल करते. उत्तर थोडं तुमच्यावर अवलंबून आहे. या गोष्टी तुम्ही घडलेला इतिहास मानता, देवाची लीला मानता, की माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या केलेला विचार मानता, त्यावर शब्द बदलतील. कोणता ग्रंथ हातात आहे यावरही बदलतील, कारण महाभारतातली द्रौपदी आणि भागवतातली द्रौपदी काही ठिकाणी अगदी उलट वागतात. मी खाली जे सांगते ते तिन्ही प्रकारच्या श्रोत्यांसमोर टिकलेलं आहे, एवढंच म्हणेन.

गीतेच्या चौथ्या अध्यायातलं वचन सगळ्यांना पाठ असतं: यदा यदा हि धर्मस्य ग्लानिर्भवति भारत, आणि पुढे परित्राणाय साधूनां. लग्नपत्रिकांपासून मालिकांच्या शीर्षकगीतापर्यंत ते पोचलंय, त्यामुळे आपण ते ऐकतो पण त्यातली अट ऐकत नाही. धर्माला ग्लानी येते तेव्हा मी येतो, असं ते वचन आहे. ग्लानी येऊच देणार नाही, असं तिथे कुठेही म्हटलेलं नाही. म्हणजे ज्याला तुम्ही उशीर म्हणता तो वचनातच लिहिलेला आहे. शिवाय हे कोण आणि कुठे बोलतोय ते बघा. हातात शस्त्र न धरण्याचं ठरवून घोड्यांचे लगाम सांभाळणारा सारथी, दोन्ही बाजूंच्या मिळून अठरा अक्षौहिणी सैन्याच्या मधोमध उभा राहून. तेराव्या दिवशी त्याचाच भाचा चक्रव्यूहात मारला जातो. अठराव्या दिवसाच्या रात्री द्रौपदीची पाचही मुलं झोपेत कापली जातात. व्यासांनी वचन आणि त्या वचनावरचा सगळ्यात मोठा आक्षेप एकाच ग्रंथात ठेवला आहे. हे नजरचुकीने झालेलं नाही.

ज्ञानेश्वर माउलींनी याच श्लोकांवर लिहिताना एक ओवी घातली आहे, ती मी पूर्वरंगात, म्हणजे कीर्तनाच्या पहिल्या, निरूपणाच्या भागात हमखास घेते:

अधर्माची अवधी तोडीं । दोषांचीं लिहिलीं फाडीं ।
सज्जनांकरवीं गुढी । सुखाची उभवीं ॥

अधर्माची मुदत तोडणारा देव आहे, पण सुखाची गुढी तो उभारतो ती सज्जनांकडून. मला या विषयात जे म्हणायचं आहे ते सगळं या तिसऱ्या चरणात आहे. रक्षणाच्या कथांमध्ये देव आला की नाही हे आपण बघतो. त्याच्याआधी कोण येऊ शकत होतं आणि कोण आलं नाही, हे मोजत नाही. कथा मात्र ते फार बारकाईने मोजते.

सभापर्व घ्या. द्यूतसभेतला प्रसंग आपल्याला माहीत असतो तो असा: दुःशासन वस्त्र ओढतो, द्रौपदी हात सोडून कृष्णाला हाक मारते, वस्त्रं संपत नाहीत. कीर्तनातही टाळ्यांची जागा तीच. पण मूळ प्रकरण वाचायला बसलात तर वस्त्राचा भाग थोडक्यात आटपतो आणि पानंच्या पानं चालते ती एका प्रश्नाची गोष्ट. द्रौपदी विचारते, युधिष्ठिराने आधी स्वतःला पणाला लावलं की मला? स्वतःला हरलेल्या माणसाला मला पणाला लावायचा अधिकार उरतो का? या प्रश्नाला सभेत उत्तर मिळत नाही. भीष्म म्हणतात, धर्म सूक्ष्म आहे, मला याचा नीट निवाडा करता येत नाही. द्रोण गप्प, कृप गप्प. बोलतो तो दुर्योधनाचा धाकटा भाऊ विकर्ण. तो सांगतो की द्रौपदी जिंकली गेलेली नाही, आणि कर्ण त्याला पोरसवदा ठरवून गप्प करतो.

मग विदुर उठतो आणि भर सभेत एक गोष्ट सांगतो. गोष्ट प्रल्हादाची आहे, पण खांबातल्या नरसिंहाची नव्हे. प्रल्हाद आता मोठा झालाय, राजा आहे. त्याचा मुलगा विरोचन आणि सुधन्वा नावाचा ब्राह्मण यांच्यात श्रेष्ठ कोण यावर वाद होतो, दोघं प्राण पणाला लावतात आणि निवाड्याला प्रल्हादाकडेच येतात. प्रल्हाद कश्यपांना विचारतो: सभेत असा प्रश्न आला आणि जाणत्याने उत्तर दिलं नाही तर काय होतं? कश्यप हिशेब सांगतात. अधर्माने विद्ध झालेला धर्म सभेत येतो आणि तो काटा कुणी काढत नाही, तेव्हा तो सभासदांनाच रुततो. पापाचा अर्धा वाटा सभेच्या प्रमुखाला. पाव वाटा करणाऱ्याला. आणि पाव वाटा त्यांना, ज्यांनी निंद्य गोष्टीची निंदा केली नाही. प्रल्हाद हे ऐकतो आणि स्वतःच्या मुलाविरुद्ध निवाडा देतो: सुधन्वा श्रेष्ठ. त्यावर सुधन्वाच प्रसन्न होतो आणि म्हणतो, पुत्रस्नेह बाजूला ठेवून तू धर्मावर उभा राहिलास, तुझा मुलगा जगू दे.

हा हिशेब पुन्हा वाचा. खोटं करणाऱ्याला पाव, आणि खुर्चीवर बसून ते होऊ देणाऱ्याला अर्धा. धृतराष्ट्राच्या तोंडावर हे सांगितलं जातंय. आणि लहानपणी ज्याला देवाने वाचवलं तोच प्रल्हाद इथे दुसऱ्याला वाचवणारा झालाय, तेही पोटच्या मुलाची बाजू सोडून. माझ्या मते विष्णूने प्रल्हादाचं जे रक्षण केलं त्याचं फळ त्या खांबापाशी दिसत नाही, इथे दिसतं. उत्तररंगात, म्हणजे कीर्तनाच्या कथेच्या भागात मी ही गोष्ट लावते तेव्हा टाळ्या कमी पडतात, हे खरं आहे. लोक जरा चुळबुळतात.

आता वस्त्रं कुणी पुरवली? पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम सुरू झालं आणि १९६६ मध्ये ती पूर्ण झाली. देशभरची हस्तलिखितं ताडून काढलेल्या त्या पाठात द्रौपदीने कृष्णाला केलेली प्रार्थना मुख्य संहितेत नाही. वस्त्रं येतात, कुणी पाठवली ते सांगितलेलं नाही. आपल्याकडच्या प्रचलित पाठात ती गोविंदाला हाक मारते, पण तिथेही अदृश्य राहून वस्त्रं पुरवणारा म्हणून नाव येतं ते धर्माचं. काही भाविक श्रोते हे ऐकून नाराज होतात, काही चिकित्सक श्रोत्यांना उगाच विजय मिळाल्यासारखा आनंद होतो. दोघांनाही मी पुढचं सांगते.

वनपर्वात कृष्ण पांडवांना अरण्यात भेटतो तेव्हा स्वतःच सांगतो की मी तेव्हा द्वारकेतही नव्हतो, शाल्वाशी लढत होतो. असतो तर न बोलावता आलो असतो आणि ते द्यूत थांबवलं असतं. आणि उद्योगपर्वात, युद्धाच्या तोंडावर, तो संजयाला जे सांगतो ते चिकित्सक पाठातही आहे: मी दूर असताना कृष्णेने, म्हणजे द्रौपदीने, "गोविंदा" म्हणून हाक मारली, ते ऋण वाढत गेलंय आणि माझ्या मनातून जात नाही. तुमच्या प्रश्नाला याहून जवळचं उत्तर मला कुठल्याही ग्रंथात सापडलेलं नाही. देव इथे उशिराचं समर्थन करत नाही. तो ते स्वतःच्या खात्यावर कर्ज म्हणून लिहून ठेवतो.

याच्या शेजारी ती कापलेल्या बोटाची गोष्ट ठेवा. कृष्णाच्या बोटाला जखम झाली, द्रौपदीने पदर फाडून चिंधी बांधली, म्हणून त्याने पुढे वस्त्रं दिली. ही लोककथा आहे, व्यासांच्या महाभारतात नाही. गोड आहे, मी कधी कधी गातेही. पण तिच्यात रक्षण हा उसनवारीचा व्यवहार होऊन बसतो: एक चिंधी दिली, हजार वस्त्रं परत आली. मग ज्याने कधी चिंधी बांधली नाही त्याचं काय? तुमच्यासारखा माणूस ही गोष्ट ऐकतो आणि हिशेब करू लागतो की आपण कुठे कमी पडलो. म्हणून आख्यानात ती घेतली तर लोककथा म्हणून सांगूनच घेते.

बरं, त्या सभेतून सुटका प्रत्यक्षात झाली कशी? धृतराष्ट्राच्या अग्निशाळेत कोल्हा ओरडला, गाढवं रेकली, विदुर आणि गांधारी घाबरले, धृतराष्ट्र वठणीवर आला आणि द्रौपदीला वर माग म्हणाला. तिने पहिल्या वराने युधिष्ठिर सोडवला, दुसऱ्याने उरलेले चौघे, रथ आणि धनुष्यांसह. तिसरा वर घ्यायला नकार दिला. कर्णालासुद्धा म्हणावं लागलं की बुडणाऱ्या पांडवांना ही नाव होऊन पार घेऊन गेली. वस्त्रांनी तिची लाज राखली. नवऱ्यांना सोडवलं ते तिने स्वतः.

विकर्णाचं पुढे काय झालं, हेही विचारायला हवं. सभेत खरं बोललेला तो एकटा कौरव युद्धात भावांच्या बाजूनेच लढला आणि भीमाच्या हातून मेला. खरं बोलला म्हणून कथेने त्याला वाचवलं नाही. त्याचं नाव मात्र राहिलं, आणि तेही गप्प बसलेल्या भीष्मांच्या मोठेपणाला न भिता ठेवलेलं.

प्रल्हादाच्या मुख्य कथेवर फार लिहीत नाही, ती तुम्हाला माहीत आहे. फक्त दोन गोष्टी. भागवताच्या सातव्या स्कंधात त्याला हत्तींपुढे टाकतात, साप सोडतात, विष देतात, उपाशी ठेवतात, कड्यावरून लोटतात. (होलिका तिथे नाही, ती वेगळ्या परंपरेतून आली.) म्हणजे नरसिंह पहिल्याच छळाला येत नाही. पण प्रल्हाद प्रत्येक वेळी शाबूत राहतो, तेव्हा देव नव्हताच असंही म्हणता येत नाही. दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. हिरण्यकशिपू उंबऱ्यावर, संध्याकाळी, मांडीवर, नखांनी मारला गेल्यावर नरसिंहाचा राग शांत होत नाही. देव घाबरलेले, लक्ष्मीसुद्धा जवळ जायला धजत नाही. पुढे जातो तो हा लहान मुलगा. आणि वर माग म्हटल्यावर तो काय मागतो? माझ्या वडिलांना पापातून सोडवा. त्याआधीच्या स्तुतीत म्हणतो, या दीन लोकांना मागे टाकून मला एकट्याला मुक्ती नको.

अंबरीषाच्या कथेतही हेच. सुदर्शन चक्र दुर्वासांच्या मागे लागतं, ते तिन्ही लोक पळतात, विष्णू सांगतात की मी भक्तांच्या अधीन आहे, तुम्ही अंबरीषाकडेच जा. वर्षभर तो राजा पाण्यावर राहून त्यांची वाट बघत असतो. शेवटी चक्राला विनवून शांत करतो तोच, जो दुर्वासांच्या रागाचा बळी ठरणार होता.

देवकीच्या सहा मुलांचं मात्र सोपं उत्तर नाही, आणि सोपं उत्तर देणाऱ्यापासून जपून राहा. तुम्हाला सांगतील की ती सहा जणं पूर्वजन्मी मरीचीची मुलं होती, ब्रह्मदेवाला हसली म्हणून शाप होता, कंसाच्या हातून ती सुटली. भागवतात हे आहे. पण ते कथेतल्या कथेचं कारण आहे. ते उचलून शेजारच्या घरातल्या दुःखाला लावायचं नसतं. तुम्हाला कार्यालयात बाजूला बसवलं हे कुठल्या जन्माचं फळ आहे असं कुणी सांगू लागलं तर उठून यावं.

मला भिडतं ते दुसरं. दहाव्या स्कंधात, कंस मरून कितीतरी काळ लोटलाय, कृष्ण द्वारकेचा झालाय, आणि एक दिवस देवकी त्याला म्हणते: तुम्ही गुरूंचा मेलेला मुलगा परत आणून दिलात असं ऐकलंय, माझी मुलंही मला बघायची आहेत. म्हणजे ती विसरली नव्हती. ग्रंथही विसरला नव्हता. बलराम आणि कृष्ण सुतल नावाच्या पाताळात बळीकडे जातात, ती सहा बाळं आणतात. ती तिच्या मांडीवर बसतात, दूध पितात आणि मग स्वर्गात जातात. परत जगायला येत नाहीत. देवाचा पराक्रम सांगणाऱ्या ग्रंथाला हा हिशेब उघडा ठेवून पुढे जाता आलं असतं, कुणी विचारलं नसतं. त्याने आईच्या तोंडून विचारायला लावलं.

आणि विचारणारी ती एकटी नाही. स्त्रीपर्वात गांधारी रणभूमीवर उभी राहून कृष्णाला तोंडावर म्हणते, तू समर्थ होतास आणि तू उपेक्षा केलीस. छत्तीस वर्षांनी तुझंही कुळ असंच नष्ट होईल. तो शाप नाकारत नाही. आश्वमेधिक पर्वात उत्तंक ऋषी त्याला वाटेत भेटतात आणि हाच आरोप करून शाप द्यायला निघतात. त्यांना कृष्ण जे सांगतो ते फार वेगळं आहे: मी ज्या योनीत जन्म घेतो तसा वागतो, देव असतो तेव्हा देवासारखा, माणूस असतो तेव्हा माणसासारखा, मी त्यांच्याकडे दीनपणे याचना केली, त्यांनी ऐकलं नाही. विश्वरूप दाखवणारा हा देव म्हणतोय की माणूस होऊन आलो तेव्हा माझ्या हातात विनवणीच होती. शिष्टाईला तो गेला होता, हे लक्षात आहे ना?

त्याच पर्वात परीक्षिताचा प्रसंग येतो. उत्तरेचं मूल मेलेलं जन्माला येतं. भागवतात कृष्ण गर्भात शिरून त्याला जपतो. महाभारतात तो काय करतो ते बघा. तो म्हणतो: मी थट्टेतही कधी खोटं बोललो नसेन, युद्धात पाठ दाखवली नसेन, सत्य आणि धर्म माझ्यात नित्य असतील, तर अभिमन्यूचं हे मूल जगू दे. आणि ते श्वास घेतं. तो इथे सामर्थ्याची आज्ञा करत नाही, स्वतःचं आयुष्यभराचं वागणं पणाला लावतो. खोट्या बिलावर सही न करणाऱ्या माणसाने हा श्लोक वाचावा असं मला मनापासून वाटतं.

आपल्या मातीतलं एक उदाहरण दिल्याशिवाय पुढे जाता येत नाही, आणि ते अवघड आहे. मंगळवेढा. बादशहाच्या कोठारातलं धान्य दुष्काळात लोकांना वाटणारे दामाजीपंत तिथले. त्यांच्यासाठी विठोबा विठू महार होऊन बेदरला गेला आणि पैसे भरून आला, ही कथा आपण सगळे ऐकतो. आणि त्यांच्या आधी, १३३८ मध्ये, त्याच मंगळवेढ्याला गावकुसाच्या कामावर असताना भिंत कोसळून महार जातीतले संत चोखोबा गेले. तेव्हा विठोबा भिंत सावरायला आला नाही. चोखोबांचा अभंग आहे, "धांव घाली विठू आतां चालूं नको मंद, बडवे मज मारिती ऐसा कांही तरी अपराध." तुमचा प्रश्नच आहे हा: देवा, हळू चालू नकोस. देवाला महाराचं रूप घेऊन एका अधिकाऱ्याला सोडवता येतं आणि खऱ्या महाराला देवळाच्या दारात मार बसतो, हे एकाच परंपरेने सांगितलंय. मी या दोन कथा एका कीर्तनात शेजारी ठेवते तेव्हा काही आयोजकांना ते रुचत नाही.

चोखोबांच्याही चमत्कारकथा आहेत, त्यांच्या पत्नी सोयराबाईंच्या बाळंतपणाला विठोबा नणंद होऊन आला ही त्यातली गोड कथा. पण भिंतीच्या कथेत रक्षण शोधायचं तर ते माणसांत सापडतं. नामदेव मंगळवेढ्याला गेले, ढिगाऱ्यातून अस्थी शोधल्या, ज्यांतून विठ्ठलनाम ऐकू आलं त्या चोखोबांच्या असं ओळखलं, आणि पंढरपूरला महाद्वारापाशी समाधी बांधली. ज्याला आत घेतलं नाही त्याला ओलांडून कुणी आत जाऊ नये अशी व्यवस्था नामदेवांनी केली. सज्जनांकरवी, ते हे असं. चोखोबांना ते जिवंतपणी मिळालं नाही, हेही खरंच.

थोडक्यात पुन्हा सांगते. या कथा धर्माने वागणाऱ्याला इजा होणार नाही असं म्हणत नाहीत. तसं म्हणणारी कथा मला तरी भेटलेली नाही. देव येण्याआधी ज्यांनी यायचं होतं त्यांची नावं त्या टिपून ठेवतात. जो वाचतो त्याच्यावर पुढे इतरांना वाचवायचं काम येतं. आणि देवाला जाब विचारणाऱ्याला त्या नास्तिक ठरवत नाहीत.

आता तुमचं. आईच्या वाक्याचा अर्थ "उद्या चौकशी झाली तर तुम्ही जिंकाल" असा काढू नका, आणि तिलाही तसं विचारू नका. ती बहुधा म्हणते आहे की मी तुला सोडलेलं नाही, आणि आयांना असं सरळ बोलता येत नाही म्हणून मधे देव येतो. तुम्ही गप्प राहण्याऐवजी हा प्रश्न तिला मोठ्याने विचारलात तर तिला वाईट वाटेलच असं नाही. माझ्या पाहण्यात जुन्या बायकांना देवकीचं आणि गांधारीचं भांडण आपल्यापेक्षा चांगलं कळतं.

न बोलणाऱ्या सहकाऱ्यांबद्दल: त्या पाव वाट्याचा धाक त्यांना घालू नका, पण त्यांच्यात विकर्ण कुणी आहे का ते बघा. बहुतेक ठिकाणी एखादा असतो, आणि तो वयाने किंवा हुद्द्याने लहान असतो. त्याच्याकडून भर सभेत भाषणाची अपेक्षा धरू नका. काय घडलं ते त्याला आठवतं, एवढं पुरे आहे. आणि सहीला नकार दिलात त्या दिवसाचे कागद, तारखा, निरोप नीट लावून ठेवा, सेवानियम कळणाऱ्या माणसाला दाखवा. कीर्तनकाराच्या भरवशावर खात्याची चौकशी लढू नये. परिस्थिती बिघडून पगार किंवा तब्येत धोक्यात येत असेल तर बदली मागणं, जागा सोडणं यात अधर्म काही नाही. पांडवही लाक्षागृहातून भुयाराने निघूनच गेले होते, तेही विदुराने आधी सावध केलं म्हणून.

वाचायचं असेल तर सभापर्वातलं द्यूताचं प्रकरण एखाद्या चांगल्या गद्य भाषांतरात सलग वाचा, वस्त्रहरणापाशी न थांबता द्रौपदीच्या वरांपर्यंत. त्यानंतर स्त्रीपर्व, ते लहान आहे. आईबरोबर वाचणार असाल तर भागवताच्या दहाव्या स्कंधातल्या ८५व्या अध्यायाचा उत्तरार्ध आधी घ्या. एका बैठकीत होतो.